तळहाताएवढी मालकी

माझ्या हातून आयुष्यात जे काही लाजिरवाणं लिखाण झालं, त्यात एका अर्जाचा नंबर बराच वरचा आहे. अर्ज एका कंपनीच्या सेक्रेटरींना होता. मजकूर असा: ‘अर्जदार हा आपल्या कंपनीचा दोनशे शेअरचा खातेदार असून त्याचा हिस्सा अद्याप सामायिकात आहे. तरी मोजणी करून अर्जदाराच्या हिश्शाची हद्द कायम करून द्यावी. हिस्सा विहिरीच्या पूर्व अंगास मिळावा, ही नम्र विनंती.’ खाली सही नानांची, अक्षर माझं.

मी तेव्हा नाशिकच्या एका ज्युनियर कॉलेजात वाणिज्य शिकवायचो. शेअर म्हणजे काय, हा धडा दर वर्षी पोळ्याच्या आसपास यायचा आणि मला तो तोंडपाठ होता. तरीही मी तो अर्ज लिहिला, कारण दोन तास वाद घालूनही तो का लिहू नये हे मला नानांना पटवता आलं नाही. खरं सांगायचं तर दुसरा तास संपत आला तेव्हा ते मलाही नीटसं आठवेना.

नाना माझे घरमालक. मी येवल्याचा, शेतीशी संबंध नसलेला, गल्लीत वाढलेला माणूस. नाशिकला नोकरी लागली तेव्हा सातपूरच्या अंगाला त्यांच्या घराला लागून असलेली एक खोली मला मिळाली. घरापुढे वीस-पंचवीस गुंठ्यांचा मळा होता. त्यात शेवंती, गुलाब आणि कडेकडेनं कोथिंबीर. नाना पहाटे फुलं तोडून मोपेडवरून फुलबाजारात नेत आणि दहाच्या आत परत येत. पांढरा पायजमा, टोपी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम कोरडं. खोली दाखवताना त्यांनी मला दाराशी उभं केलं आणि पायानं जमिनीवर एक रेघ ओढली. “इथपर्यंत तुमचं सर. पुढं माझी शेवंती.” मग लगेच म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. हद्द आधी दाखवली का मानूस मानसाशी नीट वागतो.”

‘आधी हद्द दाखवा’ हे त्यांचं वाक्य होतं आणि ते कुठेही लागू पडे. पुतण्यासाठी मुलगी पाहायला देवळ्याला गेले, तर पोहे येण्याआधी त्यांनी मुलीच्या वडिलांना शेताची हद्द दाखवायला नेलं. पाहुणे दोन तासांनी परतले. लग्न मात्र जमलं.

मळ्याच्या पलीकडे, रस्ता ओलांडला की कंपनीची भिंत सुरू व्हायची. मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी. ती जागा पूर्वी नानांची आणि त्यांच्या तीन भाऊबंदांची. औद्योगिक वसाहतीत ती गेली, मोबदला मिळाला, भाऊबंद पांगले. जमिनीचं नानांना फारसं काही वाटलं नव्हतं. विहिरीचं वाटलं होतं. चौघांची सामायिक विहीर, प्रत्येकाचा चार आण्यांचा हिस्सा, आणि तिच्या पूर्वेच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. घरात मूल जन्मलं की सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं त्या काठावर जायचं, हळदकुंकू वाहायचं, खण ठेवायचा, पाण्याला नमस्कार करायचा. मगच तिनं पाण्याचा हंडा उचलायचा. नानांच्या आईनं हे केलं होतं, माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, केलं होतं. सुनेच्या वेळी विहीर भिंतीच्या आत गेलेली होती.

हे मला माईंनी सांगितलं, नानांनी कधीच नाही. पहिल्या नातवाच्या वेळी त्यांनी अंगणातल्या नळालाच हळदकुंकू वाहिलं. सगळेच आता तसं करतात. तो मुलगा वर्षाचा व्हायच्या आत तापानं गेला. कोणी कोणाला बोललं नाही. माई मला सांगताना लसूण सोलत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, “ताप होता तो, मला कळतंय सर. पन मनाला कुठं कळतंय.” त्या महिन्यात नाना कंपनीच्या दाराशी गेले आणि सांगितलं की मी विहिरीचा मालक, मला आत सोडा. वॉचमन म्हणाला, जुने मालक इथे रोज चार येतात, आत्ताचा असेल तर बोला. नाना परत आले. त्याच सुमारास कंपनीचे शेअर निघाले होते. बँकेबाहेर एक पोरगा फॉर्म वाटत होता आणि ‘कंपनीचे मालक व्हा’ म्हणत होता. नानांनी त्याच्याकडून फॉर्म घेतला. आत्ताचा मालक व्हायची सोय आयती चालून आली होती.

ते दिवसच असे होते की न्हाव्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो शेअरबद्दल बोलायचा. माझ्या कॉलेजातले शिपाईसुद्धा मला भाव विचारत आणि मी ऐटीत काहीतरी ठोकून देई. नानांनी मला भाव कधीच विचारला नाही. सकाळी ते पेपर उघडत, बारीक अक्षरांच्या पानावर कंपनीचं नाव शोधत आणि सापडलं की घडी घालत. मी एकदा म्हटलं, नाना, पुढचा आकडा तरी वाचा. ते म्हणाले, “आकडा कशाला? नाव हाय ना, मग जागेवर हाय.”

कंपनीचा वार्षिक अहवाल मात्र ते पोथीसारखा वाचत. त्यात जमिनीचं क्षेत्र होतं आणि एकूण शेअर किती तेही होतं. नानांनी एकाला दुसऱ्यानं भागलं आणि गणित तपासायला माझ्याकडे आणलं. एका शेअरला तळहाताएवढी जागा येत होती. दोनशे शेअरची मिळून एक बाज मावेल एवढी. गणित बरोबर होतं. मी तसं म्हणालो, आणि तिथेच फसलो.

कारण नाना लगेच म्हणाले, मग ती बाज विहिरीच्या काठावर टाकू. आता मी वर्गातलं वाक्य काढलं: कंपनीची मालमत्ता ही कंपनीची असते, भागधारकाची नसते. नानांनी ते शांतपणे ऐकलं.

“मग कंपनी कोनाची?”

“भागधारकांची.”

“म्हंजे माझी.”

“तुमचीही.”

“आन् विहीर कंपनीची.”

“हो.”

“म्हंजे विहीर माझ्या कंपनीची, कंपनी माझी, पन विहीर माझी नाय.” ते माझ्याकडे काळजीनं बघत राहिले. “सर, तुम्ही पोरांना हेच शिकवता का?”

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा काढून वाचलं. वाक्य तेच होतं. पण नानांचा प्रश्न डोक्यात बसल्यावर ते वाक्य मला कोणीतरी थट्टेनं लिहिल्यासारखं वाटायला लागलं.

अर्जाला कंपनीकडून उत्तर आलं. ‘आपली सही आमच्याकडील नमुना सहीशी जुळत नाही.’ मी ओशाळलो. नाना खूश झाले. नाही म्हटलेलं नव्हतं, सही तेवढी नीट मागितली होती. त्यांनी ते पत्र देवाच्या फडताळात ठेवलं आणि पुढे महिनाभर दुपारी सहीचा सराव केला.

मालक झाल्यापासून रोज संध्याकाळी ते कंपनीच्या भिंतीच्या कडेनं पूर्ण फेरी मारत. कुठे गिलावा सुटला, कुठल्या खांबावरचा दिवा गेला, ते बघून वॉचमनला सांगत. एकदा भिंतीबाहेर पाइप गळत होता तर स्वतः चिंधी बांधून आले. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला विचारत, “ह्यात आमचं काय बसवलंय का?” रिक्षावाले गोंधळत. मीही शेजारी बसून गोंधळे, कारण बसवलेलं असूही शकत होतं. वॉचमन सगळ्या तक्रारी ऐकून घेई, मान डोलवी, पण दाराच्या आत पाऊल टाकू देत नसे. “मी मालक हाय,” नाना म्हणत. “व्हय नाना,” तो म्हणे, आणि दार तसंच राही.

मग एक वर्ष कंपनीनं बोनस शेअर दिले, एकावर एक फुकट. आमच्या स्टाफरूममध्ये ज्याच्याकडे ते होते त्यानं पेढे वाटले. मी दोन पेढे रुमालात बांधून नानांकडे नेले. ते ओट्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसले होते आणि चेहरा पडला होता.

“दोनशेचे चारशे झाले नाना,” मी म्हटलं.

“सगळ्यांचे झाले ना? मग बाज तेवढीच राहिली.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. “नुसती दोन तुकड्यात कापली. सर, ह्याचे पेढे कसे काय वाटले तुमच्या लोकांनी?”

मी हिशेब बघितला. बोनसनं कंपनीतला वाटा वाढत नाही, हे माझ्या पुस्तकात होतं, मी परीक्षेत विचारतही होतो, पण पेढा खाताना ते मला सुचलं नव्हतं. पुढे बाजार पडला आणि कंपनीचा भाव पार तळाला गेला, तेव्हा पेढेवाले सुतकी चेहऱ्यानं फिरायला लागले. नानांनी मला ब्रोकरकडे नेलं आणि आणखी शंभर घेतले. काठ स्वस्त झाला होता. मी त्यांना अडवलं नाही. चूक कुठे आहे ते दाखवता येत असेल तर माणूस अडवतो.

एक कबुली देऊन टाकतो. शेअर शिकवायला मला खरी मदत झाली ती नानांच्या विहिरीची. चौघांची विहीर, दर चौथ्या दिवशी एकाची पाण्याची पाळी. पाणी कमी आलं तर चौघांनाही कमी. आपला हिस्सा विकता येतो, पण विहिरीतून कापून नेता येत नाही. हे नानांनीच मला सांगितलं होतं, आणि मुलांना ते एका झटक्यात कळे. मी एकदा नानांना म्हटलं, बघा, तुमची विहीर जशी सामायिक, तशीच कंपनी. ते म्हणाले, “बरोबर. पन आम्ही चौघंही विहिरीपर्यंत जाऊ शकत होतो.”

सून पुन्हा गरोदर राहिली तशी घरातली हवा बदलली. माईंनी एकदाच सांगून टाकलं, ह्या वेळी पूजा आसरांपुढेच. उशीर झाला तरी चालेल, जागा चुकलेली चालणार नाही. मुलगी झाली. सव्वा महिना गेला, तीन महिने गेले. सुनेनं हंडा उचलला नाही, घरात नळ असूनही माईच पाणी भरत. ती माहेरीही गेली नाही. एकदा मी दूध घ्यायला गेलो तर ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मला म्हणाली, “सर, तुमच्या पुस्तकात कायतरी असंल ना आत जायचं?” तिचा आवाज अगदी साधा होता, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा पुस्तकाची लाज वाटली आणि मी ते गरजेपोटी वाचायला घेतलं.

पुस्तकात होतं. कंपनीला वर्षातून एकदा भागधारकांची सभा घ्यावीच लागते, आणि तिथे यायला भागधारकाला कोणी अडवू शकत नाही. पण ही सभा आजवर शहरातल्या एका हॉटेलात व्हायची. नाना कोट घालून जायचे, बटाटेवडा खायचे, विहिरीबद्दल एक प्रश्न विचारायचे आणि अध्यक्ष ‘नोंद घेतली’ म्हणायचे. त्या वर्षी कंपनीचे दिवस वाईट होते. नोटीस आली तेव्हा मी ठिकाण दोनदा वाचलं. खर्च वाचवायला सभा कारखान्याच्याच कँटीनमध्ये ठेवली होती. कंपनी बुडायला लागली म्हणून दार उघडत होतं. नानांना हे सांगितलं तर त्यांनी मला मिठी मारली, आणि मला आनंद व्हावा की वाईट वाटावं ते कळेना.

मुलगी झाल्यावर लगेच, माझ्या नेहमीच्या गोंधळात, मी एक काम मात्र शहाणपणाचं करून ठेवलं होतं. नाना म्हणाले होते, मालक एकटा मी, पूजा करनार बाया. म्हणून आम्ही हस्तांतराचे फॉर्म भरले, तिकिटं लावली, आणि एक-एक शेअर माईंच्या, सुनेच्या आणि मुलीच्या नावानं केला. मुलीचा फॉर्म दोनदा परत आला, कारण अज्ञानाच्या, म्हणजे अल्पवयीनाच्या, नावाला पालक लागतो. तिसऱ्यांदा तिच्या बापाची, म्हणजे नानांच्या मुलाची, सही घेऊन पाठवला आणि तो मंजूर झाला. सभेच्या दिवशी त्या बापाची कामावर पाळी होती, सुट्टी मिळेना. तेव्हा मुलीचा प्रतिनिधी, म्हणजे प्रॉक्सी, म्हणून त्यानं मला नेमलं. त्याचा कागद मुदतीत नेऊन दिला. सात महिन्यांच्या भागधारकाच्या वतीनं मी सभेला हजर राहणार होतो. प्रॉक्सीला सभेत बोलायचा अधिकार नसतो, एवढं मला पुस्तकातून नीट माहीत होतं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मध्ये यायला नको. ती कंपनी आज नाही. ती दुसऱ्या कोणी घेतली, मग ती घेणाऱ्यानंही गाशा गुंडाळला. नाना दोन हजार पाचच्या पुढेमागे गेले, फुलं तोडायच्या दिवसांत. त्याआधी शेअरचे कागद जाऊन सगळं संगणकात आलं होतं. त्यांच्या घरात तेव्हा एकच शेअर उरलेला होता. तो संगणकात घालू या म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तिथं हद्दीचा दगड कुठं रोवायचा. कागद घरीच राहिला.

तर सभेचा दिवस. नाना कोटात, माई आणि सून नऊवारीत, सुनेच्या हातात ताट, त्यावर रुमाल. मी टाय बांधला होता, का ते विचारू नका. दाराशी तोच वॉचमन. त्यानं हजेरीच्या चार चिठ्ठ्या मोजल्या, मग माणसं मोजली. ती पाच भरली. पाचवं कोण, हा हिशेब त्याला लागेना. मी सांगितलं की मी ह्या बाळाचा प्रतिनिधी. मग बाळ बाहेर ठेवा, तो म्हणाला.

नाना पुढे झाले. “मालक भाहेर आन् मुनीम आत, असं कुठं असतंय का?”

वॉचमननं थोडा विचार केला आणि दार उघडलं.

सभेला अर्धा तास होता. कँटीनच्या मागे विहीर होती. वर लोखंडी जाळी टाकलेली, कडेला पंपाचं खोपटं. नाना झपाझप पुढे गेले आणि थबकले. पूर्वेच्या काठावर आसरा होत्या. पाचच दिसत होत्या, दोन बहुधा पंपाच्या चौथऱ्याखाली गेल्या असाव्यात. पण त्या पाचांवर शेंदूर होता, ताजा, आणि पुढे एक वाळलेलं झेंडूचं फूल. माई त्यांच्यापुढे खाली बसल्या.

वॉचमन आमच्या मागोमाग आला होता. कोणी विचारायच्या आधीच तो म्हणाला, “मी हरसूलकडचा. आमच्याकं पन आसरा हायेत. दर आवसंला मीच लावतो.” मग नानांकडे वळून, जरा नाराजीनंच, “नाना, इतकी वरसं तुम्ही दारात येऊन मालक हाय, मालक हाय म्हनत राहिले. मालक म्हनलं का मला अडवावंच लागतं. आसराला जायचंय म्हनले असते तर कोन्त्याबी रईवारी सोडलं असतं.”

मी नानांकडे बघायचं टाळलं. मला सगळी वर्षं दिसत होती, तो अर्ज, सहीचा सराव, तळहातांची बेरीज. एका वाक्यात काम झालं असतं, आणि ते वाक्य सुचवायचं माझ्यासारख्या शिकलेल्या माणसालाही सुचलं नव्हतं.

सुनेनं पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, मुलीचं कपाळ काठाला टेकवलं. जाळीतून दिसणाऱ्या पाण्याला तिनं हात जोडले आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडू तिला फुटलं. माईंनी तिला जवळ घेतलं. वॉचमननं टोपी काढली. नाना उभे होते ते बरोबर पूर्वेला, त्यांनी आखलेली बाज जिथे आली असती तिथे.

कँटीनमध्ये आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. व्यासपीठावर एक गृहस्थ तोट्याबद्दल इंग्रजीत वाचत होते. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. त्या वर्षी नानांनी प्रश्न विचारला नाही. ठरावाला सगळ्यांनी हात वर केले तेव्हा त्यांनीही केला, पण बघत होते खिडकीबाहेर.

बऱ्याच वेळानं ते माझ्याकडे वाकले. “वॉचमन बोलला ते खोटं नाय सर. मागितलं असतं तर मिळालं असतं.” मग म्हणाले, “पन मला मागायचं नव्हतं. माझ्या आयनं कोनाला इचारून पूजा नव्हती केली.”

मी मान हलवली.

“आता बाकीचे विकून टाका. भाव काय येईल तो येऊ द्या.” त्यांनी माझ्या मांडीवरच्या मुलीच्या पायातला सारखा निसटणारा मोजा नीट केला. “हिच्या नावाचा तेवढा ठेवा. पैलं बाळंतपन माहेरीच असतं. ही इथं यील तेव्हा हिला कोनाकं मागावं लागू नये.”

एका शेअरनं विहिरीवर जायचा हक्क मिळत नाही. कोणत्याही कायद्यात मिळत नाही, हे मला तोंडपाठ होतं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मी तेच शिकवणार होतो. मी तोंड उघडलंही. पण मी तिथे प्रॉक्सी होतो, आणि प्रॉक्सीला सभेत बोलायचा अधिकार नसतो.